अकोला ४५, सिंगापूर ३३: विषुववृत्ताजवळ जाऊनही गर्मी कमी कशी?

ज्यांना या भागाचा ऑडिओ गाडीच्या हॉर्नमध्ये नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना येणारे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. एक काम करा, वाचता वाचता फोनवर नकाशा उघडून ठेवा. लागणार आहे.

विषय आला एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून. मूर्तिजापूरकडचा भाऊ आहे. त्याचा प्रश्न जशाच्या तसा: "दादा, आपल्या अकोल्यात एवढं ऊन तापते, तर मंग विषुववृत्तावरचे लोक जगत कसे असतील बे?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक गृहीतक लपलंय, आणि ते आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात शाळेपासून बसलेलं आहे. विषुववृत्त म्हणजे भट्टी, तिथून जितकं दूर तितकं थंड. आता हे बघा. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर आहे. तिथं आजवर नोंदलेलं सगळ्यात जास्त तापमान ३७ अंश सेल्सिअस, एकदा १९८३ मध्ये आणि एकदा २०२३ मध्ये. तिथली रोजची दुपार ३१ ते ३३ ची. आपल्याकडे ३७ म्हणजे मार्चमधला एक सामान्य दिवस, कुणी बातमीसुद्धा करत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, काही वर्षी ४७ च्या वरही गेलाय.

असं का? तीन गोष्टी आहेत. सूर्य, पाणी आणि वारा. सूर्यापासून सुरू करू.

कर्कवृत्त साडेतेवीस अंश उत्तरेला आहे. अमरावती २०.९ अंशांवर, अकोला २०.७ वर. म्हणजे आपण उष्ण कटिबंधाच्या आतच आहोत, पण त्याच्या वरच्या कडेला. सूर्य उत्तरेकडे सरकतो तेव्हा बरोबर आपल्या डोक्यावरून दोनदा जातो: जाताना मे महिन्यात २४-२५ च्या आसपास आणि परत येताना जुलैमध्ये १९-२० च्या आसपास. त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच जिरते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. जुलैमध्ये ढग असतात म्हणून बघायला मिळत नाही, मे मध्ये मात्र बिनधास्त बघा.

आता गंमत ऐका. आपल्याकडे नवतपा कधी लागतो? सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे २५ मे च्या आसपास. आजी-आजोबा ज्याला नवतपा म्हणून घाबरतात, ते दिवस आणि वऱ्हाडात सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे दिवस जवळजवळ एकच आहेत. नक्षत्र ताप देत नाही, पण ज्यांनी ते दिवस मोजून ठेवले त्यांचं निरीक्षण चोख होतं, हे मानायला पाहिजे.

सूर्य विषुववृत्तावरही डोक्यावर येतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. पण तिथं दिवस कायम बारा तासांचा. आपल्याकडे मे अखेरीस दिवस तेरा तासांहून मोठा. त्या दिवसांत वातावरणाच्या वर पोहोचणारी एकूण ऊर्जा मोजली, तर विषुववृत्तापेक्षा आपल्या पट्ट्याला जास्त मिळते. त्यात विषुववृत्तावर दुपारी ढग आणि पाऊस, तर आपल्याकडे मे मध्ये स्वच्छ कोरडं आभाळ. सगळं ऊन थेट जमिनीवर.

आता पाणी. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. सिंगापूरच्या ओल्या जमिनीवर, झाडांवर, समुद्रावर पडणाऱ्या उन्हाचा मोठा हिस्सा ही वाफ करण्यातच खर्च होतो. आपल्याकडे मे मध्ये वावरात काय असतं? पऱ्हाटी उपटून झालेली, तूर-हरभरा केव्हाच घरात. उरते ती उघडी, भेगाळलेली काळी माती. वाफ करायला पाणीच नाही, मग सगळी ऊर्जा जमीन आणि हवा तापवण्यात जाते. त्यात रंग काळा. काळा टीशर्ट घालून उन्हात उभं राहिल्यावर जे होतं, तेच अख्ख्या पूर्णेच्या खोऱ्याला होतं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा, आणि मधे हा काळा तवा. समुद्र सरळ रेषेतसुद्धा ४०० किलोमीटरपेक्षा लांब, त्यामुळे संध्याकाळी मुंबईला मिळतो तसा खारा वारा इथवर येत नाही. येतो तो वायव्येचा कोरडा वारा, तोही तापूनच.

इथवर ठीक आहे. पण मला इंजिनिअरच्या सवयीनं वाटलं, एकेक गोष्ट बदलून टेस्ट करून बघू. अक्षांश तोच ठेवायचा, म्हणजे सूर्य तोच, आणि बाकीचं बदलायचं. त्यासाठी प्रयोगशाळा नको, नकाशावर अमरावतीतून एक आडवी रेघ मारा आणि पश्चिमेला निघा.

पहिला मोठा थांबा मक्का, २१.४ अंशांवर. हा आपलाच प्रयोग, फक्त मान्सून काढून टाकलेला. वर्षाला साधारण ११० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे मे मध्ये कितीही तापलं तरी जूनमध्ये ढग येऊन पारा उतरवतात. तिथं ढग येतच नाहीत, म्हणून जून-जुलै-ऑगस्ट सगळाच मे असतो. जून २०२४ च्या हजमध्ये तिथं तापमान ५१ च्या वर गेलं, आणि सौदी सरकारच्याच आकड्यानुसार १३०१ यात्रेकरू गेले. त्यातले बहुतेक परवान्याशिवाय आलेले होते. म्हणजे सावलीचे तंबू, एसी बस यांच्या व्यवस्थेबाहेरचे लोक. ऊन सगळ्यांना सारखंच होतं, सावली सारखी नव्हती.

तसंच पुढे सहारा ओलांडून गेलात की आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला मॉरिटानियातलं नुआधिबू लागतं. अमरावतीचाच अक्षांश. तुम्ही कदाचित हे गाव रीलमध्ये बघितलंय: लोहखनिजाची ती दोन-अडीच किलोमीटर लांब मालगाडी, वाळवंटातून ७०० किलोमीटर येते आणि पोरं खनिजाच्या ढिगावर बसून प्रवास करतात, ती इथंच येऊन थांबते. पाठीमागे सहारा, तेव्हा तुम्ही म्हणाल इथं तर भाजून निघत असेल. पण सगळ्यात गरम महिन्यातही दुपारचं सरासरी तापमान तिशीच्या आसपास! कारण समोरच्या समुद्रात कॅनरी नावाचा थंड प्रवाह वाहतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. त्या गार पाण्यामुळे मासळी भरपूर, हवा थंड, पण पाऊस जवळजवळ शून्य. थंड समुद्रावरची हवा वर चढत नाही, मग ढग बनणार कुठून? जवळ समुद्र आहे म्हणजे पाऊस पडणारच, हा आपला दुसरा गैरसमज इथं मोडतो.

अटलांटिक ओलांडला की मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पावर मेरिदा, २०.९७ अंश. इथं मी जरा जास्त वेळ थांबणार, कारण हे शहर मला आपलं चुलत भावंडं वाटतं. एप्रिल-मे सगळ्यात तापलेले, मग पावसाळा, वर्षाला साधारण हजार मिलिमीटर. ऐकायला अमरावतीच. पण त्या भागात जमिनीवर नदीच नाही! खालचा खडक चुनखडीचा, सच्छिद्र. पडलेलं पाणी सरळ आत मुरतं आणि जमिनीखालून वाहतं. छत कोसळून जिथं ते पाणी उघडं पडतं त्या खोल डोहांना तिथं सेनोते म्हणतात. माया लोकांची वस्ती या डोहांच्या आधारानंच टिकली.

आपल्या खाली काय आहे? बेसॉल्ट. दख्खनच्या पठारावर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यातून आपली काळी माती झाली. आणि मेरिदा ज्या प्रचंड विवराच्या आत वसलंय, ते चिक्शुलूब विवरही ६.६ कोटी वर्षांपूर्वीचंच, अशनी आदळून झालेलं. डायनासोर कशानं संपले या वादातले दोन्ही संशयित, तो अशनी आणि हा लाव्हा. आज नकाशावर दोघंही जवळपास एकाच आडव्या रेघेवर आहेत. हा निव्वळ योगायोग आहे, खंड तेव्हापासून सरकलेत, त्यामुळे यातून कुठला अर्थ काढू नका. पण मला ते कळलं तेव्हा मी दोन मिनिटं नकाशाकडे बघत बसलो होतो.

मेक्सिकोतच अजून थोडं पश्चिमेला ग्वादलाहारा, बरोबर अकोल्याच्या अक्षांशावर. पण उंची दीड हजार मीटरच्या वर, म्हणून मे मध्येही दुपार तिशीच्या थोडीच वर. आपल्याकडे हा प्रयोग बघायला विमान नको, परतवाड्याहून घाट चढा. चिखलदरा ११०० मीटरच्या वर आहे. हवा दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश गार होते, हिशोब तुम्हीच करा. विदर्भात कॉफी तिथंच होते, ते उगाच नाही.

होनोलुलू, २१.३ अंश. प्रशांत महासागराच्या मधोमध. तिथला आजवरचा उच्चांक ३५ अंश. पाणी तापायला वेळ घेतं आणि वर्षभर ईशान्येचा व्यापारी वारा चालू असतो, विषय संपला. फक्त एक बघण्यासारखं आहे. होनोलुलू शहराच्या सखल भागात वर्षाला साधारण ४३० मिलिमीटर पाऊस, म्हणजे अकोल्यापेक्षा कितीतरी कमी. आणि शेजारच्याच कवाई बेटावरच्या वायलेआले डोंगरावर दहा हजार मिलिमीटरच्या वर. वारा ज्या बाजूनं येतो तिथं पाऊस, पलीकडे पर्जन्यछाया. आपलं तसंच आहे. अरबी समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीवर रिकामे होतात, आणि वऱ्हाडाला वाट बघावी लागते ती बंगालच्या उपसागरातून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांची. म्हणून आपल्याकडचा पाऊस असा खंड पाडत येतो.

मग हानोई, व्हिएतनामची राजधानी, २१.०३ अंश. अमरावतीपेक्षा दहा-बारा किलोमीटरच काय ती उत्तरेला, अक्षांशानं. पाऊस आपल्या दुप्पट, सोळाशे-सतराशे मिलिमीटर. पण मला जास्त आश्चर्य वाटलं ते तिथल्या हिवाळ्याचं. जानेवारीत अकोल्यात दुपारी २९-३० अंश असतात, स्वेटर सकाळपुरता. हानोईत त्याच महिन्यात दुपार विशीच्या आसपास, आभाळ राखाडी, बारीक झिमझिम, कपडे वाळत नाहीत. सूर्य तोच, अक्षांश तोच! फरक कुणी केला? हिमालयानं. मध्य आशियातली थंड हवा आपल्यापर्यंत येण्याआधी तो अडवतो. चीनच्या बाजूनं हानोईपर्यंत अशी आडवी भिंतच नाही, थंड हवा सरळ घसरत खाली येते.

म्हणजे एक अक्षांश, सहा गावं, आणि एकाचाही हवामानाचा आलेख आपल्याशी जुळत नाही. मेरिदा जवळ येतं, पण तिथली हवा दमट. मग वऱ्हाडाचं जुळं भावंडं जगात कुठे आहे?

मला सापडलेलं सगळ्यात जवळचं उत्तर पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासोमध्ये. राजधानी वागादुगू, अक्षांश १२.४. समुद्र नाही. वर्षाला ७५०-८०० मिलिमीटर पाऊस, अकोल्याइतकाच, आणि तोही जून ते सप्टेंबरमध्येच. सगळ्यात गरम एप्रिल, कारण सूर्य तिथं एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोक्यावर येतो, आपल्या एक महिना आधी. दुपारी सरासरी ३९-४०. हिवाळ्यात सहाराकडून हरमाटान नावाचा कोरडा धुळकट वारा.

आणि पिकं ऐका: ज्वारी, बाजरी, चवळी, भुईमूग, कापूस. सोन्यानंतर तिथली मोठी निर्यात कापसाचीच. ज्वारी तर मूळची आफ्रिकेचीच, आपण तिची भाकरी करतो, ते तिच्या पिठाचा घट्ट गोळा करून रश्श्यासोबत खातात. आपल्या अंबाडीचं लाल शरबत तिथं रस्तोरस्ती मिळतं, बिसाप म्हणतात. बीटी कापूससुद्धा त्यांनी २००८ पासून लावला, आणि धाग्याची लांबी कमी भरते म्हणून २०१६ च्या सुमारास बंद केला. भावाचं नुकसान व्हायला लागल्यावर अख्ख्या देशानं बियाणं बदललं. आपल्याकडे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

इथं मात्र सावध राहा. हवामान सारखं म्हणून उपायही सारखा, असं नाही. बुर्किनाची जमीन फार जुनी, झिजलेली, वरून कडक पापुद्रा धरणारी. पाऊस पडला की वाहून जातो. म्हणून तिथले शेतकरी उन्हाळ्यातच वीतभर रुंद खड्डे खणून त्यात शेणखत टाकतात, त्याला झाई म्हणतात. खतामागे वाळवी येते, ती जमीन पोखरते, पाणी आत मुरतं. याकुबा सावाडोगो नावाच्या शेतकऱ्यानं ही जुनी पद्धत सुधारून पडीक जमिनीवर जंगल उभं केलं. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये ते गेले.

हेच खड्डे पूर्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत खणले तर? पाऊस जोराचा झाला की त्यात पाणी साचून मुळ्या सडतील. आपली माती पाणी धरून ठेवते, फुगते, आणि खंड पडला की भेगा पडून मुळं तोडते. तिला पाणी अडवणं आणि काढून देणं, दोन्ही पाहिजे. म्हणून आपल्याकडे सोयाबीनला रुंद वरंबा-सरी, ज्याला सगळे बीबीएफ म्हणतात, ती पद्धत सांगतात. पीक वरंब्यावर, जास्तीचं पाणी सरीतून बाहेर, आणि खंड पडला तर सरीतली ओल कामाला. डोंगरउताराच्या बरड जमिनीची गोष्ट वेगळी, तिथं बुर्किनाकडून शिकण्यासारखं बरंच आहे. एकाच तालुक्यात दोन्ही जमिनी असतात, म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला 'आफ्रिकेतला चमत्कारी प्रयोग' सरसकट फॉरवर्ड करू नका.

आता शेवटचा मुद्दा, जो शरीराशी संबंधित आहे. ऑडिओत हा घाईत झाला होता, म्हणून इथं नीट लिहितो.

घाम वाळला तरच शरीर गार होतं. घाम किती वाळू शकतो हे मोजायला ओल्या फडक्याचं तापमान वापरतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून हवेत धरलं तर तो जिथवर उतरतो, ते. मी दोन आकडे सूत्रात टाकून बघितले. अकोला, ४५ अंश, आर्द्रता १५ टक्के: ओलं तापमान सुमारे २४. हानोई, ३६ अंश, आर्द्रता ६५ टक्के: सुमारे ३०. म्हणजे घामानं गार होण्याच्या बाबतीत हानोईचा ३६ आपल्या ४५ पेक्षा वाईट! आपला कूलर हेच तर करतो, ओल्या ताट्यांतून हवा ओढून तिला त्या २४ कडे नेतो. हानोईत तोच कूलर लावला तर खोलीत फक्त चिकचिक होईल.

पण याचा अर्थ आपला ४५ निरुपद्रवी आहे असा अजिबात नाही. कोरड्या हवेत घाम इतक्या लवकर उडतो की अंग ओलं दिसतच नाही, आणि पाणी किती गेलं ते कळत नाही. त्यात जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४० च्या वर नुसता पंखा लावू नका, तो गरम हवा अंगावर मारून शरीर आणखी तापवतो. टीनाच्या घरात, कूलर नसलेल्या माणसाकडे तेवढा पंखाच असतो. मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या पुढे गेल्यावर अकोला जिल्हा प्रशासनानं कलम १४४ लावलं होतं: कामगारांना पाणी आणि सावली द्या, खाजगी शिकवण्या दुपारी घेऊ नका. बाहेरच्या लोकांनी त्याची मजाक केली, 'उन्हावर संचारबंदी' म्हणून. मला तो आदेश बरोबर वाटला. फूड डिलिव्हरीवाला, वीटभट्टीवरचा, डांबर टाकणारा, यांना स्वतःहून दुपार टाळता येत नाही.

आणि खरा धोक्याचा आठवडा अजून एक आहे, ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं. जूनचे पहिले एक-दोन पाऊस पडून गेले, मग ऊन पडलं. पारा ३६-३७. सगळे म्हणतात, गर्मी गेली. पण आर्द्रता ६० च्या वर गेलेली असते, म्हणजे तुम्ही चार-पाच दिवसांसाठी हानोईत पोहोचलेले असता, आणि कूलर मात्र अकोल्याचाच. फोनच्या हवामान ॲपमध्ये तापमानाच्या खाली आर्द्रतेचा आकडा असतो, त्या दिवसांत तो आधी बघा. पन्नाशीच्या वर गेला असेल तर कूलरची पाण्याची मोटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, नुसता पंखा चालू द्या. घरात म्हातारं माणूस असेल तर अंग ओल्या कपड्यानं पुसून पंख्याखाली बसवा. पारा चाळिशीच्या आत असतो, त्यामुळे पंखा तेव्हा चालतो.

पुढच्या भागात लोणार. बुलडाण्यातलं ते विवर त्याच काळ्या बेसॉल्टमध्ये अशनी आदळून झालंय, त्यामुळे आज युकातानबद्दल जे बोललो ते डोक्यात ठेवा. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, वऱ्हाडीत पाठवले तर आधी घेतो.